दगडांच्या नगरीत दगडफुलांची वानवा

(हैदराबाद येथील मराठी श्रोत्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



हैदराबाद हे दगडांचे शहर आहे, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही. सोलापूर-उमरग्याकडून या शहराकडे येणाऱ्या प्रवाशाला संगारेड्डीच्या सुमारास भूमीचा वर्ण पालटलेला दिसतो. काळा पाषाण आणि काळी चिकण जमीन मागे पडते. कोणी एकावर एक रचून ठेवावेत असे फिकट करड्या व गुलाबी छटेचे ग्रॅनाइटचे प्रचंड धोंडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंस दिसू लागतात. हे खडक सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. महाराष्ट्राचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा. या धोंड्यांच्या मानाने तो कालपरवाचाच म्हणावयाचा. गोवळकोंड्याचा किल्ला अशाच धोंड्यांच्या टेकडीवर उभा आहे. मौला अलीची टेकडी म्हणजे जवळजवळ एक अखंड शिळाच होय. बंजारा हिल्स, जुबिली हिल्स, खाजागुडा या भागांत, वस्ती वाढली तरी, घरांच्या मधून असे धोंडे अजून डोके वर काढून आहेत.

इतके दगड ज्या शहरात आहेत तेथे दगडावर उगवणाऱ्या वनस्पतींना काय तोटा, असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात परिस्थिती अगदी उलट आहे. महाबळेश्वर, आंबोली किंवा माथेरान येथे दगड, भिंत, झाडाचे खोड, फार काय पण मैलाचा दगडसुद्धा मखमली हिरव्या थराने झाकलेला असतो. हैदराबादच्या धोंड्यांवर वर्षाचे आठ-नऊ महिने हिरवे असे काही दिसत नाही. पावसाळ्यात एखाद्या फटीत, एखाद्या गळक्या नळाखाली बोटभर हिरवळ दिसते आणि दसरा-दिवाळीनंतर तीही नाहीशी होते.

याच शहराच्या बेगम बाजारात मात्र पोत्यांच्या रांगेत एक काळपट-करडा, कागदाच्या कपट्यांसारखा सुकलेला पदार्थ विक्रीस असतो. येथील मुसलमान घरांत त्याला ‘पत्थर का फूल’ म्हणतात, तेलुगूत ‘राती पुव्वु’ आणि मराठी घरांत ‘दगडफूल’. निहारीच्या पोटलीत तो असतो, आणि मराठवाड्यातल्या काळ्या मसाल्यातही तो असल्याखेरीज मसाल्यास मसालेपण येत नाही. दगडांच्या या नगरीत खपणारे हे दगडफूल हिमालयातून आणि पश्चिम घाटातून येते. आणखी एक गमतीची गोष्ट अशी की, त्यातील पुष्कळसा माल दगडावरून काढलेला नसून झाडांच्या सालीवरून खरवडलेला असतो; आणि ते फूल तर मुळीच नव्हे.

शेवाळ कोणते आणि दगडफूल कोणते

येथे प्रथम शब्दांचा थोडा उलगडा करणे आवश्यक आहे, कारण ‘शेवाळ’ या एका शब्दाखाली मराठी माणूस निदान तीन वेगवेगळ्या गोष्टी घालतो. तळ्यातील पाण्यावर किंवा हौदाच्या कडेला येणारे बुळबुळीत शेवाळ म्हणजे शैवल होय. भिंतीवर व दगडावर मखमलीसारखे दिसणारे, जवळून पाहिल्यास इवल्या इवल्या पानांचे आणि खोडांचे जे शेवाळ दिसते त्यास शास्त्रात हरिता म्हणतात. ही खरी वनस्पती आहे; मात्र तिला मुळे नाहीत, फूल नाही आणि बी नाही. तिसरा प्रकार म्हणजे दगडफूल, शास्त्रीय परिभाषेत शैवाक. ते एक झाड नव्हे, ते एक बिऱ्हाड आहे. कवक म्हणजे बुरशी घर बांधते आणि पाणी धरून ठेवते. तिच्या पोटात राहणारे सूक्ष्म शैवल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते. सिमॉन श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने १८६७ साली हे प्रथम मांडले तेव्हा त्या काळच्या नामांकित तज्ज्ञांनी त्याची थट्टा केली होती. आज ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात आहे.

भारतात शैवाकाच्या अडीच हजारांहून अधिक जातींची नोंद झालेली आहे. लखनौचे धरणीधर अवस्थी यांनी या शास्त्राचा आपल्या देशात पाया घातला. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने, जिची संशोधनसंस्था आज आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते, पश्चिम घाटातील शैवाकांचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. हरिता आणि तिच्या भावंडांच्या बाबतीत शिवराम कश्यप यांचे नाव घ्यावे लागते. लाहोर येथे अध्यापन करीत असताना त्यांनी पश्चिम हिमालय व पंजाबच्या मैदानातील यकृतका या गटावर १९२९ पासून ग्रंथ प्रसिद्ध केला. या सर्व अभ्यासाचा ओघ स्वाभाविकपणेच ओल्या डोंगरांकडे राहिला. जेथे पीक उदंड तेथे कापणी करणारा जातो. त्यामुळे दख्खनच्या कोरड्या पठारावरील या वनस्पतींकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले, आणि येथील महाविद्यालयांचे विद्यार्थीही हरिता पाहावयाची म्हणजे थंड हवेच्या ठिकाणी सहल काढावयाची, असेच समजून चालतात.

उन्हाने मरत नाहीत, मग का नाहीत?

उष्ण आणि कोरड्या प्रदेशात या वनस्पती कमी का, या प्रश्नाला सर्वसाधारण उत्तर मिळते ते असे : ऊन फार, पाणी नाही, म्हणून जळून जातात. हे उत्तर निम्मेच खरे आहे. आणि राहिलेला निम्मा भागच विशेष जाणून घेण्यासारखा आहे.

ज्वारीचे धाट किंवा बाभळीचे झाड आपल्या अंगातील पाणी जपून ठेवते. मुळे खालून पाणी ओढतात, पानांवरचे मेणचट आवरण ते उडू देत नाही. हरिता आणि दगडफूल यांच्यापाशी यांतील काहीच नाही. हवेत ओल असली की ती ओली, हवा कोरडी झाली की तीही कोरडी. पाऊस थांबून ऊन पडले की तासा-दोन तासांत त्यांच्या अंगातील जवळजवळ सर्व पाणी निघून जाते. सामान्य रोप अशा स्थितीत मरते. या वनस्पती मरत नाहीत. त्यांचे सर्व व्यवहार थांबतात, इतकेच. अन्न तयार करणे नाही, श्वसन नाही, वाढ नाही. त्या अवस्थेत त्या महिनेच्या महिने पडून राहतात, आणि पाण्याचा थेंब मिळताच काही मिनिटांत पुन्हा हिरव्या होतात.

अशा सुप्तावस्थेतील दगडफुलाची सोशिकता थक्क करणारी आहे. २००५ साली युरोपीय शास्त्रज्ञांनी काही शैवाके उपग्रहाच्या बाह्य भागावर ठेवून सुमारे दोन आठवडे उघड्या अंतराळात फिरविली. हवा नाही, पाणी नाही, सूर्याचे जंबुपार किरण थेट अंगावर. परत आल्यावर ओल मिळताच ती पूर्ववत आपले काम करू लागली. अंतराळातून जिवंत परत येणाऱ्या जीवास वैशाखातील हैदराबादचे चाळीस अंशांचे ऊन मारील, हे संभवत नाही. वाळलेल्या स्थितीत काही जाती सत्तर अंशांपर्यंतची उष्णता थोडा वेळ सहन करतात, असे प्रयोगांत आढळले आहे. त्याच जाती ओल्या असताना मात्र चाळीसच्या आसपासच्या उष्णतेने दगावतात.

खरे इंगित येथे आहे. कोरडी उष्णता या वनस्पतींना बाधत नाही. ओली उष्णता बाधते. हा जमाखर्च शेतकरी बंधूंना सहज समजेल. ओल लागताच वनस्पतीच्या अंगातील पेशींची डागडुजी सुरू होते आणि त्यासाठी साठविलेले अन्न प्रथम खर्ची पडते. त्यानंतर प्रकाशात नवे अन्न तयार होऊ लागते. ओल चार-सहा तास टिकली तर खर्च भरून निघून चार पैसे शिल्लक पडतात. ओल अर्ध्या तासात उडाली तर खर्च झाला, उत्पन्न काहीच नाही. अशी वळवाची सर दहा वेळा आली तर दहा वेळा तोटा. अमेरिकेच्या युटा राज्यातील रुक्ष पठारावर शास्त्रज्ञांनी हेच पडताळून पाहिले. उन्हाळ्यात जेमतेम सव्वा मिलिमीटरच्या हलक्या सरी वारंवार पाडल्या, तेव्हा तेथील वाळवंटी हरिता वाढण्याऐवजी झपाट्याने मेली. त्या प्रयोगाचा वृत्तांत २०१२ साली प्रसिद्ध झाला आहे. तहानलेल्याला घोटभर पाणी देऊन अधिक थकविण्याचाच तो प्रकार होता.

दुसरा खर्च रात्रीचा. अंधारात अन्न तयार होत नाही, पण ओल्या वनस्पतीचे श्वसन चालूच राहते आणि रात्र जितकी उबदार तितके ते अधिक वेगाने चालते. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर उंचीवर आहे. तेथे वर्षाला ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, दिवसचे दिवस धुके असते आणि रात्री गार असतात. हैदराबादची उंची सुमारे ५४० मीटर, पाऊस सुमारे ८०० मिलिमीटर, आणि ऐन पावसाळ्यातही रात्रीचे तापमान बावीस-तेवीस अंशांच्या खाली सहसा उतरत नाही. त्यातून ग्रॅनाइटचा धोंडा दिवसभर तापलेला असतो आणि ती ऊब तो रात्री उशिरापर्यंत सोडीत राहतो. तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडावे तशी सायंकाळची सर त्याच्यावर पडते. दिवसाची कमाई रात्र खाऊन टाकते. येथे सहज आठवण होते ती अशी की, याच धोंड्याची फरशी निखाऱ्यावर तापवून तिच्यावर मांस भाजण्याची ‘पत्थर का गोश्त’ ही हैदराबादची प्रसिद्ध पाककृती आहे. दगड उष्णता किती धरतो, हे येथील आचाऱ्यांना शास्त्रज्ञांच्या आधीपासून ठाऊक आहे.

हरितेच्या मार्गात आणखी एक अडचण आहे. तिच्या पुंबीजकाला मादीपर्यंत पोहत जावे लागते. त्यासाठी पानांवर पाण्याचा सलग पातळ थर लागतो. तो न मिळाल्यास झाड हिरवे राहिले तरी पुढची पिढी तयार होत नाही.

मग जगातील वाळवंटांत दगडफुले मुळीच नसतील काय? आहेत, आणि काही ठिकाणी विपुल आहेत. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील नामिब वाळवंटात पाऊस नाममात्र पडतो, परंतु समुद्रावरून येणाऱ्या धुक्यावर तेथे मैलोगणती शैवाकांची कुरणे उभी आहेत. ओटो लांगे या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने इस्रायलच्या नेगेव वाळवंटात दाखवून दिले की, तेथील शैवाक पहाटेच्या दंवावर जगते : रात्री दंव पिते, सूर्योदयानंतर दोन-तीन तास काम करते आणि दहाच्या सुमारास वाळून झोपी जाते. म्हणजे केवळ पाऊस कमी असणे हे वानवेचे कारण नव्हे. थंड वाळवंटाला दंव आहे, किनाऱ्याच्या वाळवंटाला धुके आहे. दख्खनच्या पठाराला उन्हाळ्यात दोन्ही नाहीत, आणि पाऊस येतो तो नेमका उबदार रात्री घेऊन. येथील दगडफुलास अनुकूल असा काळ म्हणजे पावसाळ्यातील झडीचे ढगाळ दिवस आणि मार्गशीर्ष-पौषातील दंवाच्या पहाटा, जेव्हा पारा पंधरा अंशांच्या आसपास येतो. वर्षाच्या ३६५ दिवसांतून इतकीच त्यांची सुगी.

जी आहेत ती कोठे आहेत

वानवा म्हणजे अभाव नव्हे. हैदराबादच्या धोंड्यांकडे जवळ जाऊन पाहिल्यास त्यांवर करडे, पांढुरके, पिवळट, क्वचित शेंदरी असे डाग दिसतात. सामान्य माणूस ते दगडाचेच डाग समजतो. त्यांतील पुष्कळसे दगडफुलेच असतात, पण मसाल्यातील दगडफुलासारखी पानाच्या आकाराची नव्हेत. ती दगडाला सालपटासारखी घट्ट चिकटलेली, नखाने निघू नयेत अशी असतात. उन्हाला तोंड देण्याचा त्यांचा हा मार्ग आहे. धोंड्याच्या माथ्यावरून खाली उतरणारे काळे ओघळही असेच जिवंत असतात. पावसाचे पाणी ज्या रेषेने वाहते तिच्यावर नील-हरित शैवले आणि पेल्टुलासारखी शैवाके वस्ती करतात आणि खडकास काळा रंग देतात. लोक त्यास काजळी किंवा मळ म्हणतात.

हरिता पाहावयाची असेल तर उत्तरेकडे तोंड केलेल्या भिंती पाहाव्यात, कारण तेथे ऊन तिरपे व कमी पडते. जुन्या बारवांच्या, म्हणजे येथील बावल्यांच्या, खालच्या पायऱ्या पाहाव्यात. कुतुबशाही मकबऱ्यांच्या आवारात आणि गोवळकोंड्याच्या तटात चुन्याच्या सांध्यांमध्ये ओल टिकते. विटा व चुना यांवर वाढणारी हायोफिला नावाची हरिता भारतात सर्वत्र आढळते. पाऊस थांबला की ती आपली पाने आत वळवून मिटवून घेते. फरसबंदीच्या फटींतून रुपेरी झाक असलेली ब्रायम ही हरिता जगभरच्या शहरांत उगवते. आणि शेतकऱ्यांच्या नित्य पाहण्यातील, परंतु नाव ठाऊक नसलेली वनस्पती म्हणजे रिक्सिया. श्रावण-भाद्रपदात बांधावरच्या ओलसर मातीवर रुपयाएवढ्या, कडेला दुभंगत गेलेल्या हिरव्या चकत्या दिसतात, त्या रिक्सियाच्या. महिन्या-दोन महिन्यांत ती आपले आयुष्य आटोपते आणि बीजुके मातीत ठेवून पुढच्या मृगाची वाट पाहते. मराठवाड्यातील जालना, बीड, लातूर, धाराशिव या जिल्ह्यांनाही हेच सर्व लागू पडते. तेथील काळा पाषाण तर ग्रॅनाइटहून अधिक तापतो.

निसर्गाची टंचाई आणि माणसाने वाढविलेली

जेथे मुळातच उत्पन्न थोडे, तेथे थोड्या तोट्यानेही घर बसते. शैवाकाला मुळे नसल्याने ते सर्व काही हवेतून घेते. हवेत धूर, गंधकाचे वायू, धूळ असेल तर तेही घेते, आणि घेतलेले बाहेर टाकण्याची सोय त्याच्यापाशी नाही. विल्यम नायलँडर यांनी १८६६ साली पॅरिसमधील लक्झेंबर्ग उद्यानातील शैवाकांचा हवेच्या शुद्धतेशी संबंध जोडून दाखविला. इंग्लंडमध्ये हॉक्सवर्थ आणि रोझ यांनी १९७० साली झाडाच्या सालीवरील शैवाके पाहून हवेतील गंधकाच्या वायूचे प्रमाण अजमावण्याची मापनपद्धतीच तयार केली. लंडनची हवा सुधारली तेव्हा १९८० नंतरच्या दशकात तेथे शैवाके परत येऊ लागली. हैदराबादसारख्या वाढत्या शहरात वाहनांचा धूर आणि बांधकामाची धूळ यांची भर या मुळातल्या रुक्षपणात पडते. धूळ दगडफुलाच्या अंगावर बसली की प्रकाश अडतो, आणि मिळालेल्या थोड्या वेळेचाही उपयोग होत नाही.

परंतु सर्वांत मोठे नुकसान धुराने होत नाही. ते सुरुंगाने होते. दगडाला चिकटून वाढणारी शैवाके वर्षाला एखादा मिलिमीटर, पुष्कळदा त्याहूनही कमी, वाढतात. तळहाताएवढी चकती दिसली तर ती तेथे कित्येक दशके आहे असे समजावे. एखादी चकती त्या घरातील आजोबांपेक्षाही वयाने वडील असू शकते. घरासाठी, रस्त्यासाठी किंवा खडीसाठी धोंडा फोडला की ती सर्व वर्षे एका दिवसात संपतात, आणि ताज्या फुटलेल्या दगडावर पुन्हा पहिला ठिपका दिसावयास बराच काळ जावा लागतो. हैदराबादमध्ये या धोंड्यांच्या रक्षणासाठी १९९६ साली ‘सोसायटी टू सेव्ह रॉक्स’ ही संस्था स्थापन झाली, आणि पुढे काही शिलासमूहांना शहराच्या वारसा-नियमावलीत स्थानही मिळाले. भारतात नैसर्गिक खडकांना अशा प्रकारे वारसा म्हणून मान्यता मिळण्याची उदाहरणे थोडीच आहेत. ज्यांनी हे धोंडे वाचविले त्यांनी ते त्यांच्या आकारासाठी वाचविले. त्यांबरोबर त्यांच्या पाठीवरची वस्तीही वाचली, हा अनायासे झालेला लाभ होय. शहराच्या मध्यभागी असलेल्या कासू ब्रह्मानंद रेड्डी राष्ट्रीय उद्यानातील खडकांसही असेच संरक्षण मिळालेले आहे.

कमी बोलली जाणारी दुसरी गोष्ट म्हणजे साफसफाई. गावचे देऊळ, वेस, बारव यांचा जीर्णोद्धार काढला की प्रथम दगड घासून, आम्लाने धुऊन ‘स्वच्छ’ करण्याकडे कल असतो. त्यावर तैलरंगाचा हात दिला की काम पुरे झाले असे मानतात. जुन्या वास्तूंवरील वाढ काही वेळा दगडास किंवा गिलाव्यास खरोखरच अपाय करते आणि ती काढावीही लागते, हे मान्य केले पाहिजे. तथापि, तो निर्णय पुरातत्त्व खात्याच्या जाणकारांचा आहे. तारेचा ब्रश आणि आम्ल यांनी शैवाक जाते, त्याबरोबर दगडाचा वरचा थरही जातो, आणि तैलरंगाखाली ओल कोंडून दगड पुढे पोपडे टाकू लागतो.

आता पुन्हा मसाल्याकडे. बाजारातील दगडफूल लागवडीने पिकविलेले नसते. ते जंगलातून गोळा केले जाते. उत्तराखंडात गोळा करणारे लोक त्यास ‘झूला’ म्हणतात आणि त्याच्या विक्रीवर तेथील डोंगरी कुटुंबांना रोख पैसा मिळतो. घरगुती मसाल्यात ते चिमूटभरच पडते. पण अशा लक्षावधी घरांची चिमूट एकत्र केली की पोती होतात. फांदी खरवडून नागवी केली की ती पुन्हा भरण्यास वर्षे लागतात, आणि अनेक जातींचा माल एकाच पोत्यात मिसळला जात असल्याने कोणती जात कमी होत चालली ते विकत घेणाऱ्यास कळतही नाही. वाऱ्याने पडलेल्या फांद्यांवरील माल आधी उचलावा, उभ्या झाडावरील काही भाग तसाच सोडावा आणि एकाच झाडावर दरवर्षी हात घालू नये, एवढी काळजी घेतली तरी पुष्कळ साधेल. उत्तराखंडाच्या वनविभागाने २०२० साली मुन्सियारी येथे शैवाकांचे उद्यान उभारले आणि त्याच वर्षी नैनितालजवळ खुर्पाताल येथे हरितेचे उद्यान सुरू झाले. सह्याद्रीच्या माथ्यावरील गावांना असे काही करणे अशक्य नाही.

गावाच्या नोंदवहीत एक पान

जैवविविधता कराराच्या पक्षराष्ट्रांची ११ वी परिषद ऑक्टोबर २०१२ मध्ये हैदराबाद येथेच भरली होती. त्याच वर्षी महाराष्ट्राचे जैवविविधता मंडळ नागपूर येथे स्थापन झाले. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असून त्या समितीने लोकांच्या साहाय्याने लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. आपल्या क्षेत्रातून व्यापारी हेतूने जैविक संसाधने गोळा करणाऱ्याकडून शुल्क आकारण्याची तरतूदही त्या अधिनियमात आहे. दगडफूल ज्या गावांतून गोळा होते त्या घाटमाथ्यावरील समित्यांनी ही तरतूद पाहून ठेवावी.

नोंदवहीत झाडे येतात, पिकांचे वाण येतात, पशुपक्षी येतात. दगडावरची वनस्पती मात्र राहून जाते, कारण ती मोजण्याजोगी आहे असे कोणास वाटत नाही. कोरड्या तालुक्यांत तिची नोंद अधिक महत्त्वाची आहे. जेथे थोडेच आहे तेथे काय आहे ते सांगता येते, आणि काय गेले तेही सांगता येते. उष्ण रात्री वाढत चालल्या तर त्यांचा परिणाम ज्यांच्यावर प्रथम दिसेल अशांपैकी ही वनस्पती आहे.

हे काम शाळेतील विद्यार्थी उत्तम करू शकतात आणि त्यास खर्च येत नाही. शिक्षकांनी मुलांना गावातील एखाद्या सावलीच्या, जुन्या दगडापाशी न्यावे. करड्या डागावर पाण्याचे चार थेंब टाकावेत. डाग निर्जीव असेल तर तो नुसता ओला होईल. दगडफूल असेल तर बहुधा पाच-दहा मिनिटांत त्यावर हिरवी झाक चढेल, कारण भिजल्यावर वरचा थर पारदर्शक होतो आणि आतील शैवल दिसू लागते. सुकलेल्या हरितेवर पाणी टाकल्यास तिची मिटलेली पाने डोळ्यांदेखत उघडतात. यासाठी काहीही खरवडून आणण्याची गरज नाही. राष्ट्रीय उद्यानात किंवा संरक्षित वास्तूवर तर पाणी टाकण्यापूर्वीही संबंधित खात्याची परवानगी घ्यावी.

असा एक दगड निवडून त्याची दिशा, त्यावर ऊन कोणत्या प्रहरी येते आणि जवळची पाण्याची जागा या तीन गोष्टी वहीत लिहाव्यात. चकतीशेजारी फूटपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे. पहिली नोंद भाद्रपदात, दुसरी पौषातील पहाटे दंव असताना आणि तिसरी वैशाखात करावी. पुढील वर्षी त्याच दगडाची, त्याच महिन्यांत पुन्हा नोंद घ्यावी. पाचवीतील मुले दहावीत जाईपर्यंत चकती चार-पाच मिलिमीटर वाढलेली असेल, किंवा वाढलेली नसेल. दोन्हींची नोंद ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत तारखेसह व्हावी आणि तिची एक प्रत शाळेत राहावी.